शालेय वादविवाद: उत्तम मार्गदर्शक आणि उत्तम यजमान शाळा कशी निवडावी?

पूर्वरंग

आंतरशालेय वादविवाद स्पर्धांचे संयोजन करणाऱ्या आमच्या गटाने यंदापासून दोन नवे सन्मान सुरू करण्याचे ठरवले आहे. पहिला सन्मान उत्कृष्ट मार्गदर्शकासाठी असेल आणि दुसरा स्पर्धा भरवणाऱ्या शाळेसाठी. वक्त्यांना आणि संघांना पारितोषिके मिळतातच. परंतु ज्यांनी त्या मुलांना व्यासपीठावर उभे राहण्यायोग्य केले आणि ज्यांनी आपल्या वर्गखोल्या, शिक्षक व सुट्टीचे दिवस देऊन स्पर्धा उभी केली, त्यांचा उल्लेख आभारप्रदर्शनातील एका वाक्यात उरकला जातो. ही उणीव भरून काढावी, असे आम्हा सर्वांना वाटते.

अडचण निकषांची आहे. माझे वैयक्तिक मत असे की, मार्गदर्शकाचा सन्मान जिंकलेल्या करंडकांवरून ठरवू नये. करंडक हे मुलांचे यश आहे आणि त्याची मोजणी एकदा झालेली आहे. तेच यश दुसऱ्या नावाने पुन्हा मोजले, तर नव्या सन्मानातून आपल्याला नवीन काहीही कळणार नाही. मग काय पाहावे, नामांकन कोणी करावे आणि यजमान शाळेचे मूल्यमापन नेमके कोणाकडे सोपवावे, याविषयी या चर्चाधाग्यावर सदस्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

खंडनमंडन

धागाकर्त्यांची भूमिका मला अर्धीच मान्य आहे. मुले स्पर्धेत जिंकण्यासाठी उतरतात आणि त्यांना जिंकण्याची तयारी करून देणे हे मार्गदर्शकाचे उघड कर्तव्य आहे. ज्या मार्गदर्शकाचे संघ वर्षानुवर्षे पहिल्या फेऱ्यांतच मागे पडतात, त्याच्या तळमळीचा मला आदर आहे. पण 'उत्कृष्ट' हा शब्द वापरताना परिणामाकडे पाठ फिरवता येत नाही.

माझी सूचना अशी की, संघाची तुलना इतर संघांशी न करता त्याच संघाच्या आधीच्या कामगिरीशी करावी. जागतिक शालेय वादविवाद स्पर्धेच्या पद्धतीत प्रत्येक मुख्य भाषणाला १०० पैकी गुण दिले जातात आणि त्यांची विभागणी आशय ४०, शैली ४० व डावपेच २० अशी असते. शैलीचा काही भाग मूल घरून घेऊन येते, परंतु मुद्द्यांना योग्य वेळ देणे, भाषणाची रचना राखणे आणि कळीच्या प्रश्नाला हात घालणे या डावपेचाच्या गोष्टी बहुधा शिकवल्यानेच येतात. हंगामाच्या सुरुवातीचे आणि शेवटचे डावपेचाचे गुण शेजारी ठेवले, तर मार्गदर्शकाचे काम कागदावर दिसेल.

ताळेबंद

खंडनमंडन यांची कल्पना आकर्षक आहे, पण व्यवहारात ती टिकणार नाही. त्याच पद्धतीत मुख्य भाषणाचे गुण साधारणपणे ६० ते ८० या पट्ट्यातच द्यायचे असतात. त्यामुळे डावपेचाचे २० गुण प्रत्यक्षात १२ ते १६ यांच्या मध्येच फिरतात. चार गुणांच्या या अरुंद जागेत, दोन वेगवेगळ्या परीक्षकांनी दोन वेगवेगळ्या विषयांवर दिलेल्या गुणांची वजाबाकी करून त्यातून मार्गदर्शकाचे श्रेय काढणे योग्य होणार नाही. परीक्षकाचा हात सैल की घट्ट, एवढ्यावरही एखाद-दुसरा गुण सहज हलतो.

परीक्षकांनी निकालानंतर तोंडी दिलेला अभिप्राय आणि गुणपत्रिकेवरचे त्यांचे शेरे या दृष्टीने अधिक उपयोगी आहेत. पहिल्या स्पर्धेत 'प्रतिपक्षाच्या मुद्द्यांना उत्तर दिले नाही' असा शेरा मिळालेल्या संघाला पुढच्या स्पर्धांत तोच शेरा मिळत नसेल, तर कोणीतरी त्या मुलांसोबत बसून काम केले आहे हे निश्चित समजावे.

जुनी वही

या प्रश्नाचे एक जुने उत्तर अमेरिकेत आहे आणि त्याच्या मर्यादांसह ते समजून घेण्यासारखे आहे. तिथली नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन ही संस्था १९२५ मध्ये नॅशनल फोरेन्सिक लीग या नावाने सुरू झाली. तिच्या पद्धतीत विद्यार्थ्याला वादविवादाच्या प्रत्येक फेरीत विजयासाठी ६ आणि पराभवासाठी ३ गुण मिळतात. विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या गुणांचा दहावा हिस्सा मार्गदर्शकाच्या खात्यात जमा होतो. मार्गदर्शकांसाठीचा 'डायमंड' हा सन्मान या साठ्यावर आधारलेला असून, पहिल्या डायमंडसाठी १,५०० गुण आणि पाच वर्षांचे सदस्यत्व असा निकष दीर्घकाळ वापरला गेला.

यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पराभवाला मिळणारे ३ गुण. संस्था मार्गदर्शकाला असे सांगते की, हरणाऱ्या मुलाला पुन्हा स्पर्धेत उतरवणे हेही तुमचे काम आहे आणि ते आम्ही मोजतो. खंडनमंडन आणि धागाकर्ते यांच्यातील मतभेदाला यातून एक वाट मिळते, कारण इथे विजयाला दुप्पट किंमत आहे आणि तरीही पराभव शून्यावर उतरत नाही.

आरसा

जुनी वही यांच्या माहितीबद्दल आभार. मात्र ही पद्धत लहान शाळेच्या मार्गदर्शकावर अन्याय करते, हे आकड्यांतूनच दाखवता येईल. निम्म्या फेऱ्या जिंकणाऱ्या मुलाला प्रत्येक फेरीत सरासरी साडेचार गुण मिळतील, म्हणजे पाच फेऱ्यांच्या स्पर्धेत साधारण बावीस-तेवीस. चार मुलांचा चमू वर्षाला सहा स्पर्धांना गेला, तर एकूण ५४० गुण होतील आणि मार्गदर्शकाच्या खात्यात त्यांतले ५४ येतील. या वेगाने १,५०० गाठायला जवळपास अठ्ठावीस वर्षे लागतील. चाळीस मुलांना तितक्याच स्पर्धांना नेणाऱ्या शाळेतील मार्गदर्शक तोच आकडा तीन वर्षांच्या आत ओलांडेल आणि पाच वर्षे पूर्ण होण्याची वाट पाहील.

चाळीस मुले घडवणे कमी श्रमाचे आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण ज्या शाळेत वादविवादाची परंपरा नाही, मुख्याध्यापकांना त्यात रस नाही आणि सरावासाठी शाळा सुटल्यानंतरची एकच खोली मिळते, तिथे चार मुले उभी करणारी व्यक्ती कोणत्याही साठवणीच्या हिशेबात मागेच राहील. आपला सन्मान छोटा आणि नवा आहे, तर अशी व्यक्ती ज्यात दिसेल असा निकष निवडण्याची आपल्याला मोकळीक आहे.

खंडनमंडन

आरसा यांचा हिशेब मला पटला. एकत्रित साठ्याचा निकष मीही सुचवणार नाही. विजयाला स्थान हवे, एवढा आग्रह कायम ठेवतो.

तिसरा वक्ता

मी शाळेत असताना संघात होतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. जागतिक शालेय पद्धतीत संघात पाच जणांपर्यंत मुले घेता येतात, पण एका वादात तिघेच बोलतात. उरलेले दोघे खोलीत बसून टिपणे काढतात. मी बरेच दिवस त्या दोघांपैकी एक होतो. आमच्या बाई प्रत्येक वादानंतर पहिला प्रश्न न बोललेल्या मुलांना विचारत असत: प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा कोणता होता, आणि तो त्यांच्यापेक्षा चांगल्या रीतीने कसा मांडता आला असता? पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडून झाल्याशिवाय खंडनाला सुरुवात करायची नाही, असा त्यांचा दंडक होता. ज्यांना त्या दिवशी व्यासपीठ मिळाले नव्हते, त्यांचे ऐकणे त्या गटाच्या तयारीचा भाग बनले.

आमच्या संघाने कोणताही मोठा करंडक जिंकला नाही. तरीही त्या गटातील अनेकजण आज परीक्षक म्हणून स्पर्धांना जातात. कोणाचे माजी विद्यार्थी काही वर्षांनी या क्षेत्रात परत आले, हा प्रश्न नामांकनाच्या अर्जात अवश्य असावा.

समास

तिसरा वक्ता यांच्या बाईंसारख्या व्यक्तीपर्यंत पोहोचायचे असेल, तर नामांकनाचा अधिकार शाळेच्या व्यवस्थापनाकडे ठेवून चालणार नाही.

निकाल कक्ष

आतापर्यंतची चर्चा मार्गदर्शकांभोवती फिरली आहे. मी अनेक स्पर्धांत निकाल आणि जोड्या लावण्याचे काम केले असल्याने यजमान शाळेविषयी सविस्तर लिहितो.

बत्तीस संघांची स्पर्धा धरली, तर एका फेरीत सोळा वाद एकाच वेळी चालतात. त्यासाठी सोळा खोल्या लागतात. प्रत्येक खोलीत एकच परीक्षक बसवला तरी सोळा परीक्षक आणि तिघांचे मंडळ बसवायचे असल्यास अठ्ठेचाळीस. जागतिक शालेय पद्धतीत आठ मिनिटांची सहा भाषणे आणि चार मिनिटांची दोन समारोपाची भाषणे असतात, म्हणजे नुसत्या बोलण्यालाच छप्पन्न मिनिटे जातात. त्यावर परीक्षकांचा विचारविनिमय, निर्णय आणि तोंडी अभिप्राय यांचा वेळ धरला, तर एका फेरीला दीड तास लागतो.

खरी कसोटी यानंतर लागते. पहिल्या काही फेऱ्यांनंतर समान विजय मिळवलेल्या संघांच्या जोड्या लावल्या जातात. त्यामुळे सर्व खोल्यांचे निकाल हातात आल्याशिवाय पुढच्या फेरीची एकही जोडी ठरवता येत नाही. एका परीक्षकाने गुणपत्रिका द्यायला वीस मिनिटे उशीर केला, की एकतीसावा संघ असो वा पहिला, सगळेच वीस मिनिटे थांबतात. चांगल्या यजमान शाळेत प्रत्येक मजल्यावर एक स्वयंसेवक विद्यार्थी उभा असतो, तो निर्णय होताच गुणपत्रिका घेऊन येतो, आणि निकाल कक्षात दोन व्यक्ती स्वतंत्रपणे बेरीज तपासतात. ही व्यवस्था पाहुण्यांच्या डोळ्यांना दिसत नाही, त्यांना फक्त स्पर्धा वेळेवर चालली एवढेच जाणवते.

म्हणून माझे मत असे की, यजमानाचे मूल्यमापन करताना सभागृहाची सजावट आणि उद्घाटनाचा थाट यांना एकही गुण देऊ नये. फेऱ्या ठरलेल्या वेळी सुरू झाल्या का, परीक्षकांना नियम समजावून सांगणारी बैठक खरोखर झाली का, प्रत्येक संघाला प्रस्तावाची आणि विरोधाची बाजू समप्रमाणात मिळाली का, आणि हरलेल्या संघाला आपली गुणपत्रिका पाहायला मिळाली का, एवढे प्रश्न विचारले तरी बरेच काही कळते.

काठावरचा श्रोता

निकाल कक्ष यांच्या यादीत मी एक भर घालतो. यजमान शाळेचा स्वतःचा संघ स्पर्धेत कसा वागवला गेला, हेही पाहावे. काही शाळा आपला संघ केवळ संघांची संख्या विषम झाल्यास जोडी पूर्ण करण्यासाठी उतरवतात आणि पारितोषिकांपासून त्याला दूर ठेवतात. काही शाळा संघ उतरवतात, पण त्याच्या वादांना बाहेरचेच परीक्षक देतात. दोन्ही मार्ग मला स्वीकारार्ह वाटतात. मात्र एका स्पर्धेत यजमान शाळेच्या संघाच्या उपान्त्य वादाला त्याच शाळेचे माजी विद्यार्थी परीक्षक म्हणून बसलेले मी पाहिले आहेत, आणि पाहुण्या मुलांच्या मनात उभा राहिलेला संशय त्यानंतर कोणत्याही आदरातिथ्याने दूर झाला नाही. निर्णय कदाचित योग्यही असेल. परंतु तो योग्य आहे असे मानण्याचा आधारच त्या मुलांकडून हिरावून घेतला गेला होता.

समास

पूर्णतः सहमत. परीक्षकांचे हितसंबंध आधीच नोंदवून घेणारी शाळा सन्मानास पात्र ठरवावी आणि न घेणारी शाळा विचारातच घेऊ नये.

चौथा तास

यजमान शाळेचा सन्मान स्वीकारायला व्यासपीठावर कोण जाईल, याचाही विचार व्हावा. शाळेचे नाव पुकारले की प्रमुख पदाधिकारी पुढे येतात, छायाचित्र निघते आणि ज्या दोन शिक्षिकांनी महिनाभर वेळापत्रकाशी झुंज दिली त्या मागच्या रांगेत टाळ्या वाजवत बसतात. खोल्या उघडणारे, ध्वनियंत्रणा सांभाळणारे आणि शेवटची फेरी संपेपर्यंत थांबणारे शिपाई तर त्या सभागृहातही नसतात. माझी विनंती आहे की, सन्मानपत्रावर शाळेच्या नावाखाली काम केलेल्या सर्वांची नावे छापावीत आणि ती वाचूनही दाखवावीत. वाचायला चार मिनिटे लागतील. एका समारोपाच्या भाषणाइतकाच तो वेळ आहे.

अनुक्रम

मी या सन्मानांच्या मूळ कल्पनेलाच विरोध नोंदवतो. आज जे मार्गदर्शक निरपेक्षपणे काम करत आहेत, त्यांच्यासमोर आपण एक लक्ष्य ठेवणार आहोत आणि हळूहळू त्यांचे काम त्या लक्ष्याच्या आकाराचे होईल. अर्जात 'किती नवे विद्यार्थी आणले' असा रकाना ठेवला, की मुलांना नावापुरते व्यासपीठावर चढवले जाईल. 'किती परीक्षक घडवले' असे विचारले, की अपुऱ्या तयारीचे परीक्षक पाठवले जातील. मुलांची स्पर्धा मोठ्यांची स्पर्धा बनण्याचा धोका मला खरा वाटतो. मुलांना भाषण लिहून देणारे मार्गदर्शक आजही आहेत. पुरस्काराच्या आशेने त्यांची संख्या वाढेल.

जुनी वही

अनुक्रम यांची भीती अनाठायी नाही, परंतु भाषण लिहून देणाऱ्यांविषयी एक उपाय स्पर्धेच्या नियमांतच आहे. जागतिक शालेय पद्धतीत काही विषय आधी जाहीर होतात आणि काही आयत्या वेळी दिले जातात. आयत्या वेळच्या विषयासाठी एक तास मिळतो आणि त्या तासात मार्गदर्शकाला संघासोबत बसता येत नाही. मुलांनी स्वतः विचार करायला शिकले आहे की पाठांतर करायला, हे त्या तासानंतरच्या भाषणात लपून राहत नाही. ज्या संघाची तयारीच्या विषयातील आणि आयत्या वेळच्या विषयातील कामगिरी जवळपास सारखी असते, त्याचा मार्गदर्शक खोलीबाहेर असतानाही त्याने दिलेली सवय खोलीत काम करत असते. मार्गदर्शकाच्या गुणवत्तेचा याहून सरळ पुरावा मला ठाऊक नाही.

खंडनमंडन

हा निकष मी आनंदाने स्वीकारतो, कारण यात विजयही येतो आणि त्या विजयामागचे शिक्षणही येते.

आरसा

अनुक्रम यांना माझे उत्तर थोडे वेगळे आहे. सन्मान नसल्याने काम निरपेक्ष राहते, असे मानण्यात त्या कामाची किंमत कोणीतरी दुसरेच मोजत आहे याचा विसर पडतो. शाळेनंतरचे तास देणाऱ्या शिक्षकाला वर्षाच्या अखेरीस 'हे तुमच्या नियमित कामात धरलेले नाही' असे ऐकावे लागते. बाहेरच्या संस्थेने लिहून दिलेले एक पानभर सन्मानपत्र त्याला पुढच्या वर्षी सरावाची खोली मागताना हातात धरता येते. रोख रक्कम नसली तरी चालेल, पण त्या पत्रात नेमके काय केले हे स्पष्ट लिहिलेले असावे.

तिसरा वक्ता

एका नाजूक विषयाकडे लक्ष वेधतो. मुलांना घाबरवून, हरल्यावर सर्वांसमोर अपमान करून निकाल मिळवणारे मार्गदर्शकही असतात आणि निकालांच्या तक्त्यात त्यांचे नाव अनेकदा वर असते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने अशाच वागणुकीमुळे वादविवाद कायमचा सोडला. तिच्यात उत्तम वक्ता होण्याची सर्व लक्षणे होती. म्हणून मुलांचे मत घ्यावेच, परंतु ते मार्गदर्शकाच्या हाती पडणार नाही, याची हमी देऊन घ्यावे. नाव न लिहिता बंद पाकिटात थेट संयोजकांकडे जाणारा कागद असावा. संघातील तीनच मुले असतील तर हस्ताक्षरावरूनही ओळख पटते, त्यामुळे मूळ कागद संयोजकांनी कोणालाही दाखवू नयेत. आणि मध्येच गट सोडून गेलेल्या मुलांनाही विचारावे, कारण राहिलेली मुले बहुतेक वेळा चांगलेच सांगतील.

चौथा तास

सोडून गेलेल्या मुलांना विचारण्याची सूचना मला या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या मुलांपर्यंत पोहोचणे अवघड आहे, पण दोन-तीन अंतिम नावे निवडल्यानंतर तेवढ्या शाळांपुरते ते करता येईल.

पूर्वरंग

सर्वांच्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभारी आहे. गटासमोर ठेवण्यासाठी मी जो मसुदा करत आहे, त्याचे स्वरूप आता बरेच स्पष्ट झाले आहे. मार्गदर्शकासाठी नामांकन आजी-माजी विद्यार्थी, पालक किंवा दुसऱ्या शाळेचा मार्गदर्शक करू शकेल. स्वतःच्या शाळेच्या व्यवस्थापनाला तो अधिकार नसेल. प्रतिस्पर्धी शाळेच्या मार्गदर्शकाने दिलेल्या शिफारशीला मी वैयक्तिकरीत्या सर्वाधिक वजन देईन, कारण समोरच्या बाकावर बसून त्याने ते काम पाहिलेले असते. आयत्या वेळच्या विषयातील कामगिरी, परीक्षकांच्या शेऱ्यांत दिसणारी सुधारणा आणि गटात टिकून राहिलेली मुले या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या जातील. गुणांची बेरीज करणार नाही. निवड समिती कारणांसह लेखी निर्णय देईल. अनुक्रम यांचा आक्षेप लक्षात ठेवून अर्जात संख्येचे रकाने ठेवणार नाही आणि एकदा सन्मान मिळालेल्या व्यक्तीचा किंवा शाळेचा पुढील पाच वर्षे विचार होणार नाही.

यजमान शाळेच्या बाबतीत निकाल कक्ष आणि काठावरचा श्रोता यांचे प्रश्न जसेच्या तसे घेतो आहे. पाहुण्या संघांकडून ते भरून घ्यायचे आहेत. ते केव्हा भरून घ्यावेत, एवढाच मुद्दा उरला आहे. स्पर्धेनंतर पाठवलेल्या प्रश्नावल्या परत येत नाहीत आणि अंतिम फेरीपर्यंत फार थोडे संघ थांबतात.

निकाल कक्ष

प्राथमिक फेऱ्यांतील शेवटची फेरी संपल्यानंतर आणि बाद फेरीत गेलेल्या संघांची नावे जाहीर होण्यापूर्वी भरून घ्यावेत. त्या अर्ध्या तासात सर्व संघ शाळेतच असतात आणि त्यांना दुसरे काहीही काम नसते. शिवाय आपण पुढे गेलो की नाही हे कोणालाच ठाऊक नसल्याने, आनंदाचा किंवा निराशेचा रंग उत्तरांवर चढत नाही. मार्गदर्शकांचा आणि मुलांचा कागद मात्र वेगळा ठेवावा, कारण खोली वेळेवर मिळाली का हे मार्गदर्शक सांगतील, पण अभिप्राय समजला का हे मुलेच सांगू शकतील.

पूर्वरंग

हे तंतोतंत स्वीकारले आहे. दोन्ही कागदांचा मसुदा तयार झाला, की याच धाग्यावर देतो. त्यातील प्रश्नांची भाषा इयत्ता आठवीच्या मुलाला एका वाचनात समजते का, हे आपण सर्वांनी तपासून द्यावे.